'40 लाख अनुदान मिळवून देतो' म्हणणाऱ्या लाईन प्रोड्युसरपासून सावध रहा

सांगोला, मंगळवेढा, आटपाडी, माण या पट्ट्यातली जी पोरं स्वतःच्या पैशानं पिक्चर करायला निघालीत त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण आमचं वाटोळं करणारा लाईन प्रोड्युसर, म्हणजे शूटिंगची व्यवस्था आणि कागदपत्रं बघतो म्हणणारा माणूस, अजून मोकळा फिरतोय आणि त्याची बोलायची पद्धत ठरलेली आहे. बसल्या बसल्या पहिलंच वाक्य, "मराठी पिक्चरला सरकारच 40 लाख देतंय, तुमचा खर्च 25, मग घाबरताय कशाला?"

यातलं 40 लाख खरं आहे म्हणूनच माणूस अडकतो. राज्य सरकारची योजना आहे, गोरेगावच्या चित्रनगरीतल्या महामंडळामार्फत चालते, अ दर्जा मिळाला तर 40 लाख आणि ब दर्जाला 30. पण पिक्चर पूर्ण झाला पाहिजे, सेन्सॉर झाला पाहिजे, मग परीक्षण समिती बघणार, गुण देणार, त्यात बसला तर पैसे. शूटिंगच्या आधी कुणाचा बाप पण त्याची गॅरंटी देऊ शकत नाही. हा माणूस मात्र "समितीत आपली माणसं आहेत" म्हणून फाईलचे पैसे आगाऊ घेतो.

आमचा पिक्चर कॉमेडी होता. वाटणीत दोघा भावांत मिळून एकच खिलार बैल येतो आणि मग जो काय गोंधळ होतो तो. दिग्दर्शक माझा चुलतभाऊ, पैसा चुलत्यांच्या डाळिंबाचा आणि थोडा पतसंस्थेचा, कॅमेरा पुण्याहून भाड्यानं, जेवण बचत गटाच्या बायकांकडं. गावानं इतकं मनापासून केलं की काय सांगू, लाईट गेली तर लोक स्वतःचे जनरेटर घेऊन यायचे. आणि या माणसानं टायटल, प्राण्याची परवानगी, सेन्सॉर, अनुदानाची फाईल असं सगळं 'पेपरवर्क' धरून साडेतीन लाख घेतले. चुलत्यांना म्हणायचा, "काका, तुम्ही फक्त पोरांच्या पाठीशी उभे रहा, कागद माझ्यावर सोडा."

आता बैलाचं ऐका, कारण गावाकडच्या पिक्चरात बैल, शेळी, कोंबडी, कुत्रं असतंच. प्राणी दाखवायचा असेल तर शूटिंगच्या आधी ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी लागते, जनावरांच्या डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट लागतं, आणि नंतर बोर्डाची एनओसी (ना-हरकत पत्र) नसेल तर सेन्सॉरला गाडी तिथंच थांबते. त्यानं आम्हाला व्हॉट्सॲपवर परवानगीचं पत्र पाठवलं होतं, शिक्का, सही, जावक नंबर सगळं बरोबर दिसत होतं. सेन्सॉरच्या वेळी ओळखीच्या एका एडिटरनं ते मोठं करून बघितलं तेव्हा कळलं की पत्रावर पत्ता चेन्नईचा आहे. बोर्डाचं ऑफिस 2018 लाच चेन्नईहून हरियाणात बल्लभगडला गेलंय! कुठल्यातरी जुन्या पत्रावर आमच्या पिक्चरचं नाव चिकटवलं होतं. अर्ज केलाच नव्हता. शूटिंग उरकलेलं, आधीची परवानगी आता आणायची कुठून, शेवटी बैलाचे सीन काढायला लागले, म्हणजे ज्या बैलावर लोक हसणार होते तोच गेला. भाऊ एडिटवर बसून रडलाय, मी बघितलंय.

दुसरं, टायटल, म्हणजे पिक्चरचं नाव. ते त्यानं रजिस्टर केलं होतं पण स्वतःच्या बॅनरच्या, म्हणजे निर्मिती संस्थेच्या, नावावर. बाहेरून बघितलं तर काम झालंय असंच वाटतं, पण सेन्सॉर असो की अनुदान, सगळं निर्मात्याच्या नावानं चालतं, त्यामुळं पैसे आमचे आणि कागदावर मालक तो. वर "एनओसी पाहिजे तर अजून दोन लाख द्या" म्हणाला. आम्ही ते नाव सोडलं आणि चुलत्यांच्या नावानं नवीन बॅनर, नवीन टायटल केलं. पावती कुणाच्या नावानं फाटलीय हे पैसे द्यायच्या दिवशीच स्वतःच्या डोळ्यानं बघा, फोटोवर विश्वास ठेवू नका. सेन्सॉरचा अर्ज ई-सिनेप्रमाण पोर्टलवर निर्मात्याला स्वतः भरता येतो, एजंट लागत नाही.

पण सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू का, त्यानं आमच्या मागं गावातल्या पोरांकडून रोलसाठी पैसे घेतले. कुणाकडून पाच हजार, कुणाकडून पंधरा, "आर्टिस्ट कार्ड काढून देतो, पुढच्या पिक्चरला मेन रोल." एका पोराच्या आईनं गळ्यातलं गहाण ठेवून पैसे दिले, त्याला एका गर्दीच्या सीनमध्ये उभं केलं आणि तो सीन बैलाचाच असल्यामुळं तोही कापला गेला. त्या माऊलीला आम्ही काय तोंड दाखवायचं? ज्याला रोल द्यायचाय तो पैसे मागत नाही, उलट देतो, हे प्रत्येक गावात ओरडून सांगायला पाहिजे.

पोलीस स्टेशनला आधी "हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा" म्हणून परत पाठवलं. मग आम्ही ते बनावट पत्र, टायटलची पावती, सगळ्या पोरांच्या यूपीआयच्या एन्ट्र्या आणि चॅटच्या प्रिंट तारखेप्रमाणं लावून नेल्या तेव्हा अर्ज घेतला. फसवणुकीला आता भारतीय न्याय संहितेचं कलम 318 लागतं. बनावट कागद आणि एकापेक्षा जास्त माणसांचे पैसे एकत्र दिसले की मग दिवाणी म्हणून टोलवणं अवघड जातं, म्हणून चॅट डिलीट करू नका, रोख दिले असतील तर कुणासमोर दिले त्याचं नाव लिहून ठेवा.

तुमच्या भागात याच बोलीनं कुणी पैसे घेतले असतील, रोलचे असोत की अनुदानाच्या फाईलचे, तर रक्कम छोटी आहे म्हणून गप्प बसू नका, आपल्या पोलीस स्टेशनला अर्ज द्या आणि त्यात सांगोला तालुक्यातून पण तक्रार झालीय हे नक्की लिहा.