लाँग केस, ऑस्की की मिनी-सीईएक्स? विभागाची प्रात्यक्षिक परीक्षा ठरवताना

मेडिसिनची अंतर्गत प्रात्यक्षिक परीक्षा यंदा कशी घ्यायची, हे ठरवायचं काम तुमच्याकडे आलं असेल, तर समोर तीन पर्याय असतात: जुनी लाँग केस (एकच रुग्ण सविस्तर तपासून परीक्षकांपुढे मांडणं), ऑस्की (एकामागून एक छोट्या ठरलेल्या कामांची स्टेशनं) आणि मिनी-सीईएक्स (शिक्षकाने वॉर्डातच थोडा वेळ बघून गुण देणं). तिन्ही पद्धतींनी मी गुण दिले आहेत. माझ्या मते आधी एकच प्रश्न विचारावा: विद्यार्थी रुग्णाजवळ होता तेव्हा त्याच्याकडे कोणी बघत होतं का?

लाँग केसमध्ये बहुतेक वेळा कोणीच बघत नसतं. सकाळी केसेस वाटल्या जातात, विद्यार्थी पाऊण तास खाटेपाशी असतो आणि परीक्षक त्यानंतर पोचतात. एका मुलीने मला ठामपणे सांगितलं, "मॅडम, प्लीहा हाताला दोन बोटं लागते." म्हटलं, दाखव. तिने हात थेट डाव्या बरगडीखाली घातला. उजव्या ओटीपोटापासून वर सरकत येणं नाही, खाटेवरच्या आजींना "मोठा श्वास घ्या" म्हणणं नाही. प्लीहा खरोखरच लागत होती, पण ते तिला आजींनीच सांगितलं होतं. परीक्षेला पुन्हा पुन्हा बोलावलेल्या रुग्णांना आपलं निदान तोंडपाठ असतं. मी "दाखव" म्हटलं नसतं तर तिला उत्तम गुण मिळाले असते.

तरीही लाँग केस मोडीत काढायची घाई करू नका. अख्खा माणूस, त्याची गुंतागुंतीची हकिकत आणि त्यातून निदानापर्यंत येणं हे दुसरीकडे कुठे तपासलं जात नाही. ब्रिटनमध्ये व्हॅल वास आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दोन गोष्टी पुढे आणल्या. एक म्हणजे, एका केसवर निकाल लावणं धोक्याचं आहे, पण आठ-दहा केसेस दिल्या तर लाँग केसची विश्वासार्हता तेवढ्याच वेळाच्या ऑस्कीच्या तोडीची होते. दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते: हकिकत घेताना प्रत्यक्ष बघून दिलेले गुण आणि नुसतं सादरीकरण ऐकून दिलेले गुण यांचा मेळ फारसा बसत नाही. म्हणजे आपण वर्षानुवर्षं बोलण्याला गुण देत आलो आहोत.

कोणाच्या वाट्याला कुठली केस येते, हा नशिबाचा भाग काढण्यासाठीच स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये ऑस्की मांडली. सगळ्यांना तीच स्टेशनं, तोच वेळ, तीच गुणपत्रिका. पाच मिनिटांनी घंटा वाजली की पुढे. न्यायाच्या दृष्टीने ही तिघांत सरस आहे. सीपीआर, इन्सुलिनचं इंजेक्शन समजावणं, ईसीजी वाचणं यांसाठी मी डोळे मिटून ऑस्की निवडेन.

पण हिशेब आधी मांडा. २० स्टेशनं, प्रत्येकी ५ मिनिटं, म्हणजे एका फेरीला १०० मिनिटं. १०० विद्यार्थ्यांच्या पाच फेऱ्या धरल्या तर ५०० मिनिटं, आठ तासांहून जास्त. घंटेमधला वेळ आणि जेवण वेगळंच. एका दिवसात हे उरकायचं म्हटलं की शेवटच्या फेरीचे परीक्षक आणि रुग्ण दोघंही थकलेले असतात. अमेरिकेत २००४ पासून चाललेली स्टेप २ सीएस ही डॉक्टरी परवान्यासाठीची अशीच राष्ट्रीय परीक्षा मार्च २०२० मध्ये कोविडमुळे थांबली आणि जानेवारी २०२१ मध्ये कायमची बंद झाली. तिच्या खर्चाबद्दल तक्रारी त्याआधीपासूनच होत्या.

दुसरी अडचण गुणपत्रिकेची. टोरांटोत ब्रायन हॉजेस आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवलं की चेकलिस्टवर अनुभवी डॉक्टर शिकाऊ डॉक्टरांपेक्षा मागे पडतात. साहजिक आहे: जाणता डॉक्टर वीस प्रश्न विचारत नाही, नेमके चार विचारतो. म्हणून ऑस्की घेणार असाल तर चेकलिस्टबरोबर परीक्षकाचं एकूण मत नोंदवणारी श्रेणी ठेवाच.

मिनी-सीईएक्स मात्र परीक्षेच्या दिवसाची वाटच बघत नाही. जॉन नॉरसिनी यांनी १९९५ मध्ये मांडलेली ही पद्धत साधी आहे: वॉर्डात किंवा ओपीडीत खरा रुग्ण, पंधरा मिनिटं शेजारी उभं राहून बघायचं आणि तिथेच पाच मिनिटं बोलायचं. २००९ मध्ये थेट निरीक्षणाच्या ५५ साधनांचा आढावा घेतला गेला, त्यात वैधतेचे सर्वांत भक्कम पुरावे हिचे निघाले. त्या मुलीला प्लीहा तपासायला मी नंतर पोस्टिंगमध्ये अशीच शिकवली. हात धरून, दहा मिनिटांत. परीक्षेत तिला फक्त नापास करता आलं असतं.

हिची खोट म्हणजे आपली दयाबुद्धी. रोज सोबत वावरणाऱ्या विद्यार्थ्याला कमी गुण द्यायला हात धजत नाही, आणि नऊपैकी सात-आठ सगळ्यांनाच मिळतात. दुसरी खोट वेळेची: १०० विद्यार्थी, प्रत्येकी ६ भेटी, २० मिनिटांची एक, म्हणजे २०० तास. पंधरा शिक्षकांत वाटले तर वर्षाला माणशी साधारण तेरा. हे जमण्यासारखं आहे, पण पोस्टिंगच्या शेवटच्या आठवड्यात ढकललं तर लॉगबुकात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या नोंदवहीत, एका बैठकीत पन्नास सह्या होतात. २०१९ पासून आपल्याकडे वैद्यकीय शिक्षणात क्षमताधारित अभ्यासक्रम आला तरी ही सवय अनेक ठिकाणी सुटलेली नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शिक्षक पाच-सहाच असतील तर दहा स्टेशनांची ऑस्की घ्या आणि लाँग केसची पहिली पंधरा मिनिटं परीक्षकाने खाटेपाशी उभं राहावं एवढाच बदल करा. खर्च शून्य, फरक मोठा. दहा-पंधरा शिक्षक असतील तर मी मिनी-सीईएक्सलाच मुख्य जागा देईन. तिचे गुण अंतर्गत मूल्यमापनात थोडेच धरा, शेरे मात्र सक्तीचे ठेवा, आणि पास-नापासचा भार ऑस्कीवर टाका.

सुरुवात करण्याआधी विभागातल्या सगळ्यांना एकत्र बसवून एका विद्यार्थ्याने केलेल्या तपासणीचा एकच व्हिडिओ दाखवा आणि प्रत्येकाला स्वतंत्र गुण द्यायला सांगा. मग ते आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा.