ओरल हिस्टॉलॉजीचा २५ स्लाइड्सचा बॉक्स, ग्राउंड सेक्शनसाठी तरी घ्याच

फर्स्ट इयर बीडीएसला (डेंटलची डिग्री) ओरल हिस्टॉलॉजीचं, म्हणजे दात आणि तोंडाच्या ऊती मायक्रोस्कोपखाली बघायच्या विषयाचं, प्रॅक्टिकल जवळ आलं की लॅबमधल्या मायक्रोस्कोपवर नंबरच लागत नाही, म्हणून मी आणि रूममेटने अर्धे अर्धे पैसे काढून हा बॉक्स ऑनलाइन मागवला, २,८०० पडले. मायक्रोस्कोप सीनियर ताईचा. दोन महिने रोज रात्री बघून मग लिहितेय.

यातले ग्राउंड सेक्शन एक नंबर आहेत. दात ॲसिडमध्ये मऊ करून कापला की इनॅमल (दाताचं बाहेरचं कडक आवरण) विरघळून जातं, कारण त्यात ९६ टक्के मिनरलच असतं, मग अशा डीकॅल्सिफाइड स्लाइडवर इनॅमलच्या जागी नुसती पोकळी दिसते. ग्राउंड सेक्शनला दात दगडावर घासून घासून पातळ करतात, तिथे इनॅमल शाबूत राहतं पण पल्प (दाताच्या आतला मऊ भाग) जातो, त्यामुळे अभ्यासाला दोन्ही लागतात. आणि घासण्याचं काम यांनी खरंच मनापासून केलंय, कुठे जाड कुठे पातळ असं नाही. इनॅमलमधले टफ्ट्स तर डेंटिनच्या (इनॅमलच्या आतला थर) कडेला गवताचे पुंजके उगवावेत तसे दिसतात. मुळाच्या डेंटिनमध्ये सिमेंटमला (मुळावरचं आवरण) लागून टोम्सचा ग्रॅन्युलर लेयर (दाणेदार थर) पण काळ्या ठिपक्यांचा छान दिसतो, तो डीकॅल्सिफाइडमध्ये शोधत बसू नका, दिसत नाही, आणि वायवाला (तोंडी परीक्षेला) नेमकं हेच विचारतात.

पण माझी सगळ्यात आवडती स्लाइड दुधाच्या दाताची. इनॅमलमध्ये रेट्झियसच्या बारीक बारीक रेघा (इनॅमल थराथराने वाढल्याच्या खुणा) असतात त्यात एकच रेघ जास्त ठळक, ती निओनेटल लाइन. तिच्या आतलं, डेंटिनकडचं इनॅमल बाळ आईच्या पोटात असताना तयार झालेलं आणि बाहेरचं जन्मानंतरचं. पुस्तकात दहा वेळा वाचलं होतं, पण त्या रात्री फाइन फोकस फिरवता फिरवता ती रेघ अचानक समोर आली आणि मी रूममेटला झोपेतून उठवून दाखवली. कुणाच्या तरी जन्माची खूण आहे हो ती!

आता तक्रार. लाळग्रंथींच्या स्लाइड्समध्ये घोळ आहे. पॅरोटिड (कानाजवळची लाळग्रंथी) असं लेबल लावलेल्या स्लाइडवर फिकट म्युकस ॲसिनाय (चिकट लाळ बनवणाऱ्या पेशींचे पुंजके) भरलेले, न्यूक्लियस चपटे होऊन तळाला गेलेले, काही ठिकाणी कडेला सीरसची (पातळ लाळ बनवणाऱ्या पेशींची) चंद्रकोर पण आहे. मोठ्या माणसाची पॅरोटिड सगळी सीरस असते, गडद ॲसिनाय आणि गोल न्यूक्लियस. म्हणजे ही सबलिंग्वल (जिभेखालची) नाहीतर सबमँडिब्युलर (जबड्याखालची) असणार. मुलं हेच बघून जर्नलमध्ये एच अँड ई पेन्सिलने (स्लाइडच्या रंगासारखी गुलाबी-जांभळी) चित्र काढतात आणि स्पॉटरला (स्लाइड ओळखायच्या परीक्षेत) मार्क घालवतात, म्हणून मला ही चूक छोटी वाटत नाही. विक्रेत्याला फोटो पाठवले, आठ दिवसांनी दुसरी स्लाइड आली, ती बरोबर आहे पण कव्हरस्लिपखाली बुडबुडा. पीडीएलची (दात हाडाला धरून ठेवणारे तंतू) स्लाइड ठीकठाक, एका बाजूला घडी पडलीय.

ग्राउंड सेक्शन बघताना कंडेन्सर (स्लाइडखालची प्रकाश गोळा करणारी लेन्स) थोडा खाली घ्या आणि डायाफ्राम (प्रकाश कमी-जास्त करायची झडप) बारीक करा, फुल लाइटमध्ये रेघा पुसल्यासारख्या होतात. स्लाइड जाड असते, ४० एक्सची लेन्स लावताना बाजूने बघत हळू फिरवा, नाहीतर काच तडकते. आणि ऑर्डर टाकायच्या आधी पॅरोटिडच्या स्लाइडचा मायक्रोस्कोपमधून काढलेला फोटो मागवा, दिला तरच पैसे भरा.