कोलेस्टायरामीन पावडर : चार महिन्यांच्या वापरानंतर

आतड्याच्या क्षयामुळे गेल्या वर्षी माझ्या लहान आतड्याचा शेवटचा, सुमारे ४० सेंटिमीटरचा भाग काढावा लागला आणि तेव्हापासून प्रत्येक जेवणानंतर पाण्यासारखे पिवळे जुलाब होऊ लागले. लोकलच्या डब्यात शौचालय नसते, त्यामुळे मुलुंडहून सीएसएमटीला जाताना मध्येच घाटकोपरला किंवा कुर्ल्याला उतरणे नित्याचे झाले होते.

डॉक्टरांनी ही पावडर का दिली, हे पित्ताम्लांचा प्रवास समजल्यावरच मला कळले. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले तयार करते. जेवणानंतर ती पित्ताशयातून आतड्यात येऊन तेल-तूप पचवायला मदत करतात आणि लहान आतड्याच्या शेवटच्या भागात एएसबीटी नावाचे प्रथिन त्यांना सोडियमसोबत पेशींत ओढून घेते. तेथून ती पोर्टल शिरेच्या रक्तातून यकृताकडे परततात, जिथे एनटीसीपी हे दुसरे प्रथिन त्यांना आत घेते. शरीरातील एकूण साठा अवघा २ ते ४ ग्रॅम असतो, पण सुमारे ९५ टक्के पित्ताम्ले परत मिळत असल्याने तोच दिवसातून अनेकदा फिरतो. माझा नेमका हाच परतीचा मार्ग कापला गेला होता. मोठ्या आतड्यात उतरलेली पित्ताम्ले तिथे पाणी सुटायला लावतात. ही पावडर त्यांना धरून ठेवते आणि स्वतः रक्तात न शोषली जाता शौचावाटे निघून जाते.

गुण निश्चित आला : दिवसाला आठ वेळा जावे लागत होते, ते दोनवर आले. चव मात्र सहन करावी लागते. ४ ग्रॅमची पुडी पाण्यात टाकून दोन मिनिटे भिजू दिली, तरी ओल्या वाळूसारखी कचकच दातांखाली राहतेच. मोसंबीच्या रसात ती थोडी कमी जाणवते.

माझी खरी तक्रार माहितीबद्दल आहे. ही पावडर इतर औषधेही धरून ठेवते, म्हणून ती औषधे किमान एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनंतर घ्यावी लागतात. हे दुकानात कोणी सांगितले नाही, पुडीसोबतच्या कागदावर ते बारीक इंग्रजीत होते, आणि थायरॉइडची गोळी मी तीन आठवडे पावडरीसोबतच घेत राहिलो. पुढच्या तपासणीत टीएसएच (थायरॉइडचे संप्रेरक कमी पडले की वाढणारे संप्रेरक) वाढलेले निघाले. आता गोळी पहाटे पाचला आणि पावडर नाश्त्याच्या वेळी, असा क्रम बसला आहे.