दोन वर्षांखालच्या बाळासाठी: पाळणाघर की मॉन्टेसरी?

जळगाव-धुळ्यात नोकरी करणाऱ्या आईबाबांपुढे हा प्रश्न हमखास येतो. फलकावरच्या नावावर जाऊ नका. 'मॉन्टेसरी' म्हणजे मुलाला स्वतःचं स्वतः करू देणारी शिक्षणपद्धत, पण हे नाव कुणीही लावू शकतं. आत जाऊन बघा.

पाळणाघरात बाळ बहुधा झोळीत, पाळण्यात किंवा कठड्याच्या खाटेत असतं. मॉन्टेसरीत जमिनीलगत गादी असते. जाग आली की बाळ स्वतः रांगत बाहेर येतं. बाळाला चालायला शिकवायचं नसतं, फक्त वाट मोकळी ठेवायची. वॉकर तर नकोच.

खाण्यात फरक जास्त दिसतो. पाळणाघरात मावशी भरवतात. ते लवकर आवरतं, कपडेही स्वच्छ राहतात. मॉन्टेसरीत वर्षाचं मूल छोट्या टेबलाशी बसून स्वतः खातं. वरणात चुरलेली भाकरी अर्धी जमिनीवर जाते, मग तेच मूल फडकं घेऊन पुसायला लागतं. मला हे फार मोलाचं वाटतं.

फी मात्र पाळणाघराची बहुधा कमी, वेळही जास्त सोयीची.

भाषेचं दोन्हीकडे विचारा. ही पद्धत सुरू करणाऱ्या मारिया मॉन्टेसरींच्या मते जन्मापासून सहा वर्षं भाषा टिपण्याची. घरी आजी अहिराणी बोलत असेल, तर ती बोली तोडायला सांगणारी जागा मी तरी निवडणार नाही.

आणि एका ताईकडे किती बाळं, हे आधी मोजा. ती फार असतील तर मॉन्टेसरीचं लाकडी साहित्य कितीही सुंदर असो, मी प्रेमळ मावशींचं छोटं पाळणाघरच निवडेन.