सिम्स ४ : एकट्याने खेळाल तर कंटाळा, घर भरून खेळाल तर धमाल

सिम्स ४ हा माणसं बनवून त्यांचं रोजचं आयुष्य चालवायचा व्हिडिओ गेम, आणि त्याचा बेस गेम, म्हणजे जास्तीचे पॅक सोडून मूळ गेम, ऑक्टोबर २०२२ पासून फुकट आहे, त्यामुळे घ्यावा की नाही हा प्रश्नच उरलेला नाही, प्रश्न आहे तो खेळायचा कसा याचा. बहुतेक लोक काय करतात, पहिल्यांदा गेम उघडला की तासभर एकच कॅरेक्टर बनवत बसतात, नाक जरा लहान, हनुवटी जरा टोकदार, मग त्या एकट्या जिवाला एक छोटं घर घेऊन देतात, नोकरीला लावतात आणि थोड्याच दिवसांत म्हणतात की अरे, यात करायचं काय? चूक नाही त्यांची. एकट्या सिमला, म्हणजे गेममधल्या माणसाला, सांभाळणं खरंच फार सोपं आहे. भूक, झोप, टॉयलेट, आंघोळ, करमणूक आणि चार लोकांशी बोलणं, अशा सहा गरजा, त्यांच्या पट्ट्या हिरव्या ठेवायच्या, झालं. थोडं लक्ष दिलं की त्या हिरव्याच राहतात, पगार वाढत जातो, घर मोठं होत जातं आणि तुम्हाला जांभया येतात.

माझं मत असं की हा गेम मुळात घर चालवण्याचा आहे, माणूस चालवण्याचा नाही. एका घरात जास्तीत जास्त आठ सिम ठेवता येतात, तर निदान सहा तरी ठेवा आणि बाथरूम मुद्दाम एकच बांधा. मग बघा.

सध्या माझ्याकडे जे कुटुंब चालू आहे त्यात आजी, तिचा मुलगा आणि सून, मुलाची बहीण म्हणजे पोरांची आत्या, एक टीनएजर पोरगी, एक शाळेतला मुलगा आणि एक टॉडलर, म्हणजे नुकतं चालायला लागलेलं पोर, असे सात जण आहेत. नॉर्मल स्पीडला गेममधलं एक मिनिट म्हणजे आपला एक सेकंद. शाळा आठला, म्हणजे सकाळी सात ते आठ या वेळात सात जणांचं सगळं आवरायला तुमच्या हातात मोजून एक मिनिट असतं, पॉज न करता खेळलात तर. आत्या टबमध्ये जाऊन बसलेली असते, बाहेर टीनएजर पाय आवळून उभी, शाळेतला पोरगा न सांगता आत शिरतो, आत्या त्याला ओरडून बाहेर काढते, तेवढ्यात टॉडलरला भूक लागून तो हायचेअरजवळ भोकाड पसरतो, सून त्याला उचलायला निघते तर वाटेत तिला कुणीतरी गप्पांना धरतं आणि ती खुशाल उभी राहून बोलत बसते. टीनएजरचं व्हायचं तेच होतं, फरशीवर डबकं, मग तिला लाज वाटतेय असा मूड, आणि तशीच ती शाळेत. आणि आजी? आजीने या सगळ्यात ओट्यापाशी उभं राहून आठ जणांचा नाश्ता करायला घेतलाय जो खायला कुणालाच वेळ नाही. मी हसून हसून बेजार झाले होते, आणि हे सगळं कुणी लिहून ठेवलेलं नाही हे विशेष, प्रत्येक जण आपापल्या गरजेमागे धावतो आणि त्या धावपळीतून नाटक आपोआप घडतं.

काही गोष्टी मात्र डोक्यात जातात. सिम एकाच वेळी खाऊ, बोलू आणि टीव्ही बघू शकतात हे या भागाचं मोठं कौतुक होतं, पण त्यामुळे होतं काय की एक प्लेट संपवायला माणूस तासन् तास लावतो. आणि खरकटी भांडी! स्वयंपाकघरात सिंक असताना प्लेट घेऊन बाथरूमच्या बेसिनकडे निघतात. हे इतकं प्रसिद्ध आहे की खेळणारे आता यावर जोकच करतात.

लहान मुलांचा भाग वेगळा सांगायलाच हवा कारण आता या गेमचा जीव तिथेच आहे. २०१४ मध्ये गेम आला तेव्हा त्यात टॉडलर नव्हतेच, बाळ पाळण्यातून थेट शाळकरी मूल व्हायचं, आणि पाळण्यातलं बाळसुद्धा पाळण्याला चिकटलेली वस्तूच होती. टॉडलर जानेवारी २०१७ मध्ये आले आणि खरंखुरं, कडेवर घेता येईल असं तान्हं बाळ यायला मार्च २०२३ उजाडलं. दोन्ही फुकट अपडेटमध्ये दिले हे मान्य, पण कुटुंबाच्या गेममध्ये बाळाला कडेवर घ्यायला साडेआठ वर्षं लागावीत? असो. आता जे आहे ते मात्र झकास आहे. टॉडलरला चालणं, बोलणं, कल्पनाशक्ती, विचार करणं आणि पॉटी अशी पाच स्किल्स शिकवायची असतात, पॉटीच्या तीन लेव्हल आणि बाकीच्यांच्या पाच, सगळं पूर्ण केलंत तर मोठेपणी त्याला आयुष्यभर पुरणारा एक चांगला गुण मिळतो. ऐकायला सोपं वाटतं, पण रात्री दोनला टॉडलर उठून रडायला लागला आणि आई-बाप दोघंही लाल पट्टीवर असले की लक्षात येतं की आजीला या घरात ठेवलं ते किती बरं केलं.

माझी खरी तक्रार मूडबद्दल आहे. सिम्स ४ मध्ये इमोशन्स आणल्या, त्यातली गंमत अशी की सिम खूप हसून मरू शकतो, रागाने मरू शकतो, अगदी लाजेनेसुद्धा मरू शकतो. आयडिया एकदम भारी. पण रोजच्या खेळात हे लोक फार पटकन खूश होतात. भिंतीवर चांगली चित्रं लावा, सोफा महागाचा ठेवा, झाला माणूस आनंदी. घरातलं माणूस गेलं तरी दुःखाचा मूड येतो, राहतो, आणि बरोबरीने तो सोफा त्याचं काम करतच असतो. तापट म्हणून बनवलेला मुलगाही बऱ्याचदा गुणी बाळ असल्यासारखा वागतो. २०२२ मध्ये इच्छा आणि भीती परत आणल्या तेव्हा थोडा फरक पडला, तरी ज्यांनी याच मालिकेतला जुना सिम्स २ खेळलाय त्यांना हे लोक जरा गुळमुळीतच वाटणार. म्हणूनच म्हणते गर्दी करा, स्वभाव सौम्य असले तरी गर्दीत भांडणं आपोआप होतात.

घर बांधण्याबद्दल मात्र तक्रारच नाही. अख्खी खोली उचलून दुसरीकडे ठेवता येते, भिंत ओढली की खोली मोठी, मी कित्येकदा माणसांना पॉज करून ठेवते आणि नुसता जिनाच बदलत बसते. यात नवल नाही म्हणा. ज्याने ही सगळी मालिका सुरू केली त्या विल राइटचं घर १९९१ च्या ओकलंडच्या आगीत जळालं होतं, पुन्हा सगळा संसार उभा करताना माणसाला नक्की काय काय लागतं यावर विचार करता करता त्याला ही कल्पना सुचली, आणि सुरुवातीला हा घर बांधण्याचाच गेम होता, माणसं होती ती फक्त घर कसं झालंय हे कळावं म्हणून. पहिला सिम्स २००० साली आला तोवर माणसंच हिरो झाली होती.

जुन्या खेळाडूंसाठी एक खबर, पोहायच्या तलावाची शिडी काढून सिमला बुडवायची जुनी युक्ती इथे चालत नाही, ते काठावरून सरळ वर चढतात. हाच तलाव लाँचच्या वेळी गायब होता आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये आला. मृत्यू मात्र झकास केलाय. काळा झगा घातलेला ग्रिम रीपर, म्हणजे इथला यमदूत, हातात टॅबलेट घेऊन येतो, कुणी गयावया केली तर कधीकधी सोडूनही देतो, आणि काम झाल्यावर लगेच जाईल याची खात्री नाही, घरातच रेंगाळतो. आमची आधीची आजी, म्हणजे आत्ताच्या आजीची सासू, गेली तेव्हा सगळे रडत होते आणि हा पाहुणा हॉलमध्ये टीव्ही बघत बसला होता.

आता पॅक, म्हणजे मूळ गेमला जोडायचे विकतचे भाग. इथे खिसा सांभाळा. पाळीव प्राणी २०१७ च्या पॅकमध्ये, पाऊस-थंडी २०१८ च्या पॅकमध्ये, प्रत्येक गोष्टीला वेगळा पॅक आणि वर किट्स नावाचे बारीक बारीक पॅक, सगळं घ्यायचं म्हटलं तर त्यात चांगला लॅपटॉप येईल. कुटुंब म्हणून खेळणार असाल तर माझ्या मते फक्त दोन लागतात. पॅरेंटहूड हा आकाराने लहान पॅक आहे पण पोरांना शिस्त लावणं, घरी यायची वेळ ठरवून देणं, शाळेचे प्रोजेक्ट, वाढत्या वयातले हट्ट हे सगळं त्यात आहे, आणि तुम्ही जसं वाढवाल तसे गुण पोराला मोठेपणी चिकटतात. दुसरा ग्रोइंग टुगेदर, त्यात घरातल्या दोघांचं आपसात कसं आहे, कडक की खेळीमेळीचं की अवघड, हे ठरतं, शिवाय चाळिशीतला गोंधळही आहे ज्यात बापाला अचानक नोकरीच बदलावीशी वाटते. पैसे उरले तर सीझन्स, म्हणजे तो पाऊस-थंडीवाला. सेल वरचेवर लागतात, पूर्ण किमतीला काहीही घेऊ नका.

मार्च २०२५ मध्ये क्राफ्टन कंपनीचा इनझोई हा याच धर्तीचा गेम अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच खेळायला, आलाय, तोही बघितला, दिसायला याच्यापेक्षा कितीतरी देखणा, पण आजी-आत्या-पोरं अशी खेचाखेच मला तरी त्यात सापडली नाही अजून.

सुरू करताना सेटिंग्समध्ये जाऊन ऑटोनॉमी, म्हणजे सिमनी स्वतःहून वागायची मुभा, फुल ठेवा, नाहीतर तुम्ही सांगेपर्यंत लोक खांबासारखे उभे राहतात. वय वाढणं फक्त चालू कुटुंबापुरतं ठेवायची सोय आहे, शेजारी भराभर म्हातारे व्हायला नको असतील तर ती वापरा. घर बांधायचा कंटाळा असेल तर गेममधल्याच गॅलरीतून दुसऱ्यांनी बांधलेलं फुकट उतरवून घ्या. पैशांसाठी मदरलोड हा चीट, म्हणजे फसवा कोड, मारला की एका झटक्यात ५०,००० सिमोलिऑन (गेममधले पैसे) येतात, पण पहिल्या पिढीत तरी नका मारू, अडचणीतच मजा आहे. आणि पीसी असेल तर पीसीवरच खेळा, कन्सोलवर मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनीच बनवलेल्या जोडण्या, चालत नाहीत आणि कंट्रोलरने भिंती ओढत बसणं माझ्याच्याने तरी होत नाही.