चोवीस छोटी भांडी की दोन मोठी? एन्झाइमसाठी फर्मेंटर निवडताना

जेलवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून दाखवणाऱ्या चाचणीत) पेनिसिलिन जी अ‍ॅसायलेजचा जाडजूड पट्टा दिसतो, सगळे खूश होतात, आणि तासाभराने क्युव्हेटमध्ये, म्हणजे रंग मोजायच्या छोट्या पारदर्शक भांड्यात, एन्झाइम चालू असल्याची खूण असलेला पिवळा रंगच येत नाही. या एन्झाइमवर काम करणाऱ्याच्या वाट्याला हा दिवस एकदा तरी येतोच. प्रथिन आहे, पण काम करत नाही. कोणता फर्मेंटर (जिवाणू नियंत्रित वातावरणात वाढवायचं भांडं) घ्यावा असं कुणी विचारलं की मी बोलायला इथूनच सुरुवात करतो, कारण यंत्राची निवड तुमच्या एन्झाइमच्या स्वभावावर ठरते.

पेनिसिलिन जीची बाजूची साखळी तोडून ६-एपीए (पेनिसिलिनचा मूळ गाभा) मिळवायचं काम हे एन्झाइम करतं, आणि ६-एपीएपासून अ‍ॅम्पिसिलिन, अ‍ॅमॉक्सिसिलिन बनतात. पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आणि पाषाण रस्त्यावर एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), त्यामुळे पुण्यात या एन्झाइमची ओळख जुनी आहे. ई. कोलाय या जिवाणूमध्ये ते आधी एका लांब साखळीच्या रूपात बनतं, आतल्या पडद्यातून पेरिप्लाझममध्ये, म्हणजे पेशीच्या दोन पडद्यांमधल्या जागेत, जातं, तिथे मधला तुकडा कापला जातो आणि दोन उपघटक जुळून एन्झाइम कामाला लागतं. साखळ्या बनण्याचा वेग बाहेर जाण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला की त्या आतच गोळा होऊन बसतात. मूळ जंगली ई. कोलाय हे एन्झाइम ३० अंशांच्या खालीच नीट बनवतो, आणि ग्लुकोज भरपूर असेल तर बनवायचंच टाळतो. म्हणजे खेळ सगळा सावकाशीचा आहे: तापमान, आयपीटीजीची (एन्झाइम बनवायला सुरुवात करून देणारं रसायन) मात्रा, इंडक्शनची (ते घालून उत्पादन सुरू करण्याची) वेळ आणि फीडचा (सावकाश द्यायच्या ग्लुकोजचा) वेग.

हे चार घटक प्रत्येकी दोन पातळ्यांवर तपासायचे तर १६ प्रयोग होतात. मध्यबिंदूचे, म्हणजे सगळे घटक मधल्या पातळीवर ठेवलेले, चार धरले की २०.

दोन लिटरच्या काचेच्या फर्मेंटरवर हे २० प्रयोग म्हणजे काय, ते हाताने केलेल्यालाच कळतं. पीएच प्रोब ४ आणि ७ च्या बफरमध्ये कॅलिब्रेट करा, व्हेसल (भांडं) ऑटोक्लेव्ह करा, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करा, थंड होऊ द्या, डीओ (विरघळलेला ऑक्सिजन) प्रोब पोलराइज व्हायला काही तास द्या, रात्रभर वाढवलेलं इनॉक्युलम (जिवाणूंचं विरजण) घाला, दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत नमुने काढा, मग धुणं. एका प्रयोगाला अडीच-तीन दिवस लागतात. दोन फर्मेंटर असतील तर आठवड्याला चार प्रयोग, म्हणजे पाच आठवडे. त्या पाच आठवड्यांत यीस्ट एक्स्ट्रॅक्टचा डबा बदलतो, नमुने काढणारा माणूस बदलतो, आणि हे फरक एन्झाइमच्या आकड्यांत मिसळून जातात.

स्वयंचलित २५० मिलीच्या यंत्राचा खरा फायदा मला इथे दिसतो. सार्टोरियसचं अ‍ॅम्बर २५० घ्या: एकदाच वापरायची व्हेसल, प्रत्येकीत १०० ते २५० मिली माध्यम, ढवळायला पंखा, पीएच आणि डीओचे सेन्सर, आणि एका मोठ्या संचात १२ किंवा २४ व्हेसल. वीसच्या वीस प्रयोग एकाच दिवशी, एकाच माध्यमातून, एकाच इनॉक्युलममधून सुरू होतात. वेळ वाचतो हे लगेच दिसतं, पण तुलना स्वच्छ होते हे मला त्याहून मोलाचं वाटतं. एपेंडॉर्फचा डासबॉक्स ६० ते २५० मिलीमध्ये असंच काम करतो. तो चारच्या गटांनी वाढवत नेता येतो, त्यामुळे पैसे टप्प्याटप्प्याने घालणाऱ्यांना सोयीचा.

याच्याही खाली बायोलेक्टरसारखी मायक्रोप्लेट यंत्रं आहेत. ४८ कप्प्यांची प्लेट, कप्प्यात साधारण एक ते दोन मिली कल्चर. कप्प्याचा आकार फुलासारखा असतो, पाकळ्यांच्या कडा बॅफलचं, म्हणजे द्रव घुसळणाऱ्या अडथळ्यांचं, काम करतात. खालून प्रकाश टाकून वाढ मोजली जाते, आणि तळाला चिकटवलेल्या ठिपक्यांवरून पीएच आणि ऑक्सिजन कळतो. आठ-दहा क्लोनमधून (एन्झाइमचं जनुक घातलेल्या जिवाणूंच्या वंशांमधून) दोन निवडायचे किंवा सिग्नल पेप्टाइड (प्रथिनाला पडद्यापार नेणारा तुकडा) बदलून पाहायचं असेल तर यासारखं साधन नाही. फ्लास्कमध्ये तुम्ही दर तासाला नमुना काढून ओडी (गढूळपणावरून वाढ) बघता, इथे वाढीची रेघ आपोआप उमटते, आणि कोणता क्लोन इंडक्शननंतर गळाठला ते रात्री दोन वाजताचंही दिसतं.

पण अ‍ॅसायलेजसारख्या एन्झाइमसाठी दोन अडचणी सांगायलाच हव्यात. बायोलेक्टर चमकही मोजतो, म्हणून बरेच जण एन्झाइमला चमकणारं प्रथिन जोडून उत्पादन मोजतात. चमक दिसली म्हणजे प्रथिन बनलं एवढंच. ते पेरिप्लाझममध्ये गेलं का, कापलं गेलं का, हे चमक सांगत नाही. दुसरं, एक मिलीतून नमुने काढायला जागाच नसते. शेवटी एकदाच कप्पा रिकामा करायचा. आणि अल्कधर्मी प्रोटिएज बनवणारा बॅसिलस वाढवत असाल तर आधी पीएच ठिपक्यांची मर्यादा विचारून घ्या. नेहमीचे ठिपके सात-सव्वासातच्या वर भरवशाचे राहत नाहीत.

फीडचा हिशोब कागदावर करून बघाच. १५० मिली कल्चर, लिटरला १० ग्रॅम कोरडी पेशी, म्हणजे व्हेसलमध्ये दीड ग्रॅम. वाढीचा वेग तासाला ०.१५ ठेवायचा आहे, म्हणजे पेशी सुमारे साडेचार तासांत दुप्पट. ग्लुकोजच्या निम्म्या वजनाची पेशी बनते असं धरलं तर तासाला ०.४५ ग्रॅम ग्लुकोज लागेल. फीड लिटरला ५०० ग्रॅमचं असेल तर तासाला ०.९ मिली. चांगला छोटा पंप हे सांभाळतो. तोच हिशोब १० मिलीच्या व्हेसलला लावला की तासाला ६० मायक्रोलिटर येतात, जेमतेम सव्वा थेंब. रोबोने ते मधूनमधून टोचून घातलं की पेशींना क्षणभर मेजवानी आणि नंतर उपास, आणि मेजवानीच्या वेळी अ‍ॅसिटेट (वाढीला मारक टाकाऊ पदार्थ) बनतं. एक मिलीच्या कप्प्यात तर तासाला सहा मायक्रोलिटर. म्हणून फीडचा वेग हाच तुमचा मुख्य प्रश्न असेल तर मी १०० मिलीच्या खाली जायला सांगणार नाही. नुसती बॅच (मधे फीड न घालता) किंवा ऑटोइंडक्शन माध्यम (ज्यात उत्पादन आपोआप सुरू होतं) वापरणार असाल तर ही अडचण उरत नाही.

ऑक्सिजनचंही असंच. दाट कल्चर लिटरला तासाला १०० मिलीमोल ऑक्सिजन सहज ओढतं. ३७ अंशांना हवेने भरलेल्या पाण्यात लिटरला ०.२ मिलीमोलच्या आसपासच ऑक्सिजन विरघळलेला असतो. ढवळणं थांबलं तर सात-आठ सेकंदांत डीओ शून्यावर. साध्या फ्लास्कमध्ये हे कल्चर वाढवताच येत नाही, म्हणून फ्लास्कमधला उत्तम क्लोन पुढे फसतो. शेकर (फ्लास्क हलवत ठेवणारं यंत्र) टाकून द्या असं मी म्हणत नाही. कोणता क्लोन अजिबात चालत नाही एवढं तो स्वस्तात सांगतो, त्यापुढचं त्याला विचारू नका.

आता छोट्या व्हेसलच्या बाजूने बोलणारे विक्रेते सहसा जी गोष्ट सांगत नाहीत ती. २५० मिली भांडं ३७ वरून २५ अंशांवर काही मिनिटांत येतं. काही हजार लिटरच्या टाकीला तेवढ्यासाठी तास-दीड तास लागू शकतो, कारण आकाराच्या मानाने तिची भिंत फार थोडी असते. अ‍ॅसायलेजसाठी इंडक्शनच्या वेळचं तापमान कळीचं, त्यामुळे छोट्या भांड्यात सापडलेली उत्तम पद्धत मोठ्या टाकीत करताच येत नाही असं होतं. उपाय सोपा आहे, पण पहिल्या दिवसापासून करावा लागतो: मोठ्या टाकीच्या मर्यादा छोट्या भांड्यावर लादा. तापमान सावकाश उतरवा. कारखान्यात शुद्ध ऑक्सिजन नसेल तर इथेही हवाच वापरा. स्वयंचलित यंत्रात हा सावकाश उतार २० भांड्यांना एकसारखा घालून देता येतो, हे मात्र त्याच्या बाजूने मान्य करायला हवं.

आणखी एक खर्च कोटेशनमध्ये नसतो. माझ्या माहितीतल्या एका प्रयोगशाळेने चोवीस भांड्यांचं यंत्र घेतलं. प्रत्येक फेरीत सहा वेळा नमुने काढले तर १४४ नळ्या होतात. प्रत्येक नळीतल्या पेशी फोडायच्या, विरघळणारा भाग वेगळा करायचा, आणि एनआयपीएबी (एन्झाइमने तोडलं की पिवळा रंग देणारं रसायन) घालून ४०५ नॅनोमीटरला पिवळा रंग मोजायचा. त्यांच्याकडे एकच स्पेक्ट्रोफोटोमीटर होता, तोही एका वेळी एक क्युव्हेट वाचणारा. नमुने फ्रीझरमध्ये साचत गेले आणि यंत्र तीन-तीन आठवडे बंद राहू लागलं. एक प्लेट रीडर (प्लेटचे सगळे कप्पे एका झपाट्यात वाचणारं यंत्र) आणि ९६ कप्प्यांत बसवलेली तपासणी आधी घेतली असती तर तेच यंत्र दर आठवड्याला चाललं असतं. खरेदीचा क्रम म्हणून मी असा सांगतो: आधी तपासणी, मग भांडी.

तर कुणी काय घ्यावं? क्लोन अजून ठरला नसेल आणि बजेट तुटपुंजं असेल तर शेकर आणि प्लेट रीडरवर राहा, मायक्रोप्लेट यंत्र मिळालं तर सोनंच. क्लोन पक्का आहे, फीड आणि इंडक्शन बसवायचं आहे आणि वर्षभर पुरेल एवढे प्रयोग हाताशी आहेत, तर २५० मिलीचं स्वयंचलित यंत्र पैसे वसूल करून देईल. एकदा वापरून टाकायच्या व्हेसलचा वर्षाचा खर्च मात्र त्या हिशोबात धरा, तो विसरलात तर दुसऱ्या वर्षी यंत्रावर कापड टाकून ठेवाल. वर्षाला एकच प्रक्रिया बसवायची असेल तर काचेचे दोन फर्मेंटर अजूनही शहाणपणाचे, आणि पुढे प्युरिफिकेशनला लागणारं लिटरभर दाट कल्चर तेच देतात. स्वयंचलित यंत्र घेतलंत तरी काचेचा एक तरी ठेवाच.

पैसे भरण्याआधी विक्रेत्याकडे डेमो मागा, आणि तो तुमच्याच क्लोनवर मागा. मध्यबिंदूचा प्रयोग चार भांड्यांत एकदम लावा आणि तोच तुमच्या काचेच्या फर्मेंटरमध्येही करा. चार भांड्यांचे एन्झाइमचे आकडे एकमेकांपासून किती लांब जातात ते बघा. ते अंतर तुम्ही शोधत असलेल्या सुधारणेपेक्षा मोठं निघालं तर सही करू नका.