जुनी माझदा एमएक्स-५: काय बघून घ्यावी, पैसे कुठे घालावेत

परवडणाऱ्या किमतीत खरी टू-सीटर स्पोर्ट्स कार हवी असेल, तर आजही आमचं उत्तर एकच आहे: पहिल्या किंवा दुसऱ्या पिढीची माझदा एमएक्स-५. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार शोमध्ये ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली. अमेरिकेत ती मियाटा म्हणून विकली गेली, जपानमध्ये युनोस रोडस्टर म्हणून. पहिल्या पिढीला सगळे एनए म्हणतात, १९९८ ते २००५ मधल्या दुसऱ्या पिढीला एनबी. वर-खाली होणारे हेडलाइट दिसले की एनए. स्थिर हेडलाइट आणि हूडला (उघडमिट होणाऱ्या कापडी छपराला) मागे काच असेल तर बहुधा एनबी. भारतात माझदाने ही गाडी कधी विकली नाही, त्यामुळे पुढचं सगळं मुख्यतः ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. जिथे गाडी सहज मिळते तिथे पार्टही सहज मिळतात.

आकडे वाचून ही गाडी कळत नाही. सुरुवातीच्या एनएमध्ये १.६ लिटरचं इंजिन, साधारण ११५ अश्वशक्ती (१.८ चं नंतर आलं). आजच्या कितीतरी फॅमिली हॅचबॅकची ताकद याहून जास्त असते. पण वजन हजार किलोच्या आत आहे, इंजिन पुढच्या चाकांच्या रेषेमागे सरकवलेलं आहे, चारही कोपऱ्यांना डबल विशबोन सस्पेन्शन आहे आणि ताकद मागच्या चाकांना जाते. गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा भाग) अ‍ॅल्युमिनियमची एक लांब चौकट जाते. त्यामुळे अ‍ॅक्सिलरेटर दिला-सोडला तरी मधली यंत्रणा पिळत नाही आणि पायाने मागितलेलं लगेच चाकापर्यंत पोचतं. गिअर लिव्हर थेट गिअरबॉक्सवर बसलेला आहे, मध्ये तारा किंवा दांडे नाहीत. मनगट जेमतेम हललं की गिअर पडतो. तासाला साठ किलोमीटरच्या वेगातही वळणावर गाडी काय करतेय ते सीटमधून आणि स्टिअरिंगमधून समजतं. या गाडीचं सगळं सुख त्यात आहे. म्हणूनच ट्यूनिंग करताना वजन वाढवणारी आणि हा संवाद बुजवणारी कुठलीही गोष्ट आम्ही नापास करतो.

घेताना सगळ्यात आधी गंज बघा, इंजिन नंतर. इंजिन बदलता येतं. कुजलेला पत्रा कापून नवा वेल्ड करायला गाडीच्या किमतीएवढा खर्च येऊ शकतो. हूडवरचं पावसाचं पाणी सीटच्या मागे दोन्ही कोपऱ्यांतल्या नळ्यांतून खाली उतरतं. पाचोळ्याने त्या तुंबल्या की पाणी सिलमध्ये (दाराखालच्या पोकळ पट्टीत) साचतं आणि मागच्या चाकाच्या अलीकडचा पत्रा आतून खायला लागतं. परीक्षा सोपी आहे: हूड खाली करून बाटलीभर पाणी त्या कोपऱ्यात सावकाश ओता. मागच्या चाकाच्या थोडं पुढे, गाडीखालून ते वाहताना दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर कार्पेट उचलून ओल आहे का बघा. सिलच्या मागच्या टोकावर चुंबक फिरवा. जिथे पकडत नाही तिथे रंगाखाली पुट्टी भरलेली आहे.

एनबीला आणखी एक दुखणं आहे. पुढच्या सस्पेन्शनजवळची चॅसिसची पेटी दुहेरी पत्र्याची आहे आणि मिठाचं पाणी त्या दोन थरांत अडकतं. खालचं प्लॅस्टिक कव्हर तो भाग झाकतं, म्हणून ते न काढता ‘खालून स्वच्छ आहे’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. ब्रिटनमध्ये हिवाळाभर रस्त्यांवर मीठ पडतं, तिथली एनबी घेताना हे कव्हर उतरवलंच पाहिजे.

मग इंजिन. १९९१ च्या सुरुवातीपर्यंतच्या १.६ गाड्यांत क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड आहे. टायमिंग बेल्ट बदलताना पुलीचा बोल्ट नीट आवळला गेला नाही तर पुलीला जागी धरणाऱ्या छोट्या चावीची खाच झिजते, पुली डुलते, टायमिंग घसरतं आणि गाडी मरगळते. ओळख पुलीवरच आहे: चार खाचा असतील तर आखूड टोक, आठ असतील तर नंतरचं मजबूत टोक. चार खाचांची गाडी टाळलीच पाहिजे असं नाही. इंजिन चालू ठेवून पुढून पुलीकडे बघा. ती एका जागी सरळ फिरत असेल तर ठीक, लंगडत असेल तर किंमत कितीही उतरली तरी सोडून द्या.

टायमिंग बेल्ट साठ हजार मैलांना, म्हणजे साधारण ९६ हजार किलोमीटरला बदलायचा असतो. वॉटर पंप, टेन्शनर आणि ऑइल सील त्याच वेळी बदला, कारण मजुरी तीच लागते. १.६ मध्ये बेल्ट तुटला तरी पिस्टन व्हॉल्व्हला लागत नाही. २००१ नंतरच्या व्हेरिएबल टायमिंगच्या इंजिनात हा भरवसा धरू नका. एनएच्या इंजिनातून टकटक ऐकू आली तर घाबरू नका, बहुतेकदा ते हायड्रॉलिक लिफ्टर असतात आणि ताजं ऑइल घातल्यावर शांत होतात. इंजिन हेडच्या मागच्या बाजूला ऑइल ओघळलेलं दिसलं तर ती कॅम अँगल सेन्सरची (कॅमशाफ्टची स्थिती सांगणारा सेन्सर) ओ-रिंग. पार्ट क्षुल्लक पैशांचा, पण ऑइल खालच्या हीटर होजवर ठिबकून ती मऊ होते, म्हणून दुर्लक्ष नको. रेडिएटरची वरची टाकी काळ्या प्लॅस्टिकची असते. ती तपकिरी किंवा हिरवट-पिवळी झाली असेल तर फुटायच्या बेतात आहे. गाडी घरी आणल्याबरोबर बदला.

क्लच पेडल मऊ लागलं, गिअर घासून पडला, तर गिअरबॉक्सला दोष देण्याआधी स्लेव्ह सिलेंडरचं (गिअरबॉक्सजवळचा, क्लच दाबणारा) रबरी बूट, म्हणजे टोपण, मागे सारून बघा. आत ओल असेल तर सिलेंडर गेला. बदलायला दोन बोल्ट आणि एक पाइप. नवा स्लेव्ह बसवल्यावर पेडलकडचा जुना मास्टर सिलेंडर बऱ्याचदा पाठोपाठ हार खातो, म्हणून दोन्ही एकदमच घ्या. गिअर लिव्हरच्या तळाशीही रबराची दोन बूट असतात. ती फाटली की केबिनमध्ये गरम हवा आणि आवाज येतो. ती बदलताना लिव्हरखालच्या खोबणीत नवं ऑइल भरा. पाच गिअरच्या बॉक्सला साधारण दोन लिटर ७५डब्ल्यू-९० लागतं, जीएल-४ प्रतीचं. सगळीकडे सहज मिळतं म्हणून जीएल-५ ओतू नका, त्यातली रसायनं सिंक्रोच्या पितळेला मानवत नाहीत. डिफरन्शियलला मात्र जीएल-५च.

हँडब्रेक हातभर वर येत असेल तर तार ओढून उपयोग नाही. मागच्या कॅलिपरच्या पाठीवर एक बोल्ट आहे, तो काढला की आत ४ मिमी एलन कीचा स्क्रू लागतो. चाक अडेपर्यंत तो आवळा आणि मग एक तृतीयांश फेरा सैल करा. हे न करता तार ताणली तर कॅलिपर अर्धवट धरून राहतो आणि पॅड एका बाजूने झिजतात.

आता ट्यूनिंग. पहिला खर्च टायर आणि अलाइनमेंटवर. एनएची मूळ १४ इंची अलॉय चाकं प्रत्येकी साडेपाच किलोच्या आसपास आहेत, आजच्या महागड्या चाकांना लाजवणारी. त्यांच्या जागी दिसायला भारी म्हणून १७ इंची चाकं बसवलेली गाडी चालवली की काय गमावलं ते पहिल्याच खड्ड्यात कळतं. मोठी हवीच असतील तर १५ इंच, ७ इंच रुंद, ४×१०० बोल्ट, ७ किलोच्या आतली, आणि टायर १९५/५० आर१५. अलाइनमेंटला रस्त्यासाठी पुढे सुमारे उणे १ अंश कँबर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला), मागे उणे १.५, टो (वरून पाहता चाकांचा आत-बाहेर कल) जवळपास शून्य, मागे किंचित आत. जुन्या गाड्यांत अलाइनमेंटचे विकेंद्री बोल्ट बुशमध्ये गंजून बसतात आणि फिरत नाहीत. अलाइनमेंटवाल्याकडे जाण्याच्या आधी चार-पाच दिवस रोज त्यांच्यावर गंज सोडवणारं तेल मारत राहा. तरीही हलले नाहीत तर ते कापून नवीन बुश-बोल्ट घालावे लागतील, तेवढं बजेट धरूनच गाडी घ्या.

सस्पेन्शनमध्ये लोक हमखास चुकतात ते उंचीत. एनएमध्ये शॉकअपची चाल मुळातच कमी आहे. गाडी ३० मिमीपेक्षा जास्त खाली बसवली की ती बंप स्टॉपवर (सस्पेन्शनची चाल संपते तिथल्या रबरावर) आदळत चालते, आणि वळणात खड्डा आला तर मागचं चाक उडतं. चांगले शॉकअप, नवे बंप स्टॉप आणि एनबीचे वरचे माउंट एनएला बसवले तर चाल वाढते. याहून मोठा फरक आम्हाला तरी दुसऱ्या कुठल्या कामाने दिसलेला नाही. ब्रेकसाठी १.६ ला १.८ चे कॅलिपर ब्रॅकेट आणि २५४ मिमीच्या डिस्क पुढे बसतात, मूळची २३५ मिमीची असते. कॅलिपर तेच चालतात.

फुकटची ताकद फक्त एका ठिकाणी आहे आणि तीही फक्त एनएमध्ये. कारखान्यातून इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) १० अंशांवर येतं, चांगलं पेट्रोल घालणार असाल तर १४ पर्यंत नेता येतं. इंजिन पूर्ण गरम करा. बॉनेटखाली ‘डायग्नोसिस’ लिहिलेल्या डबीतली टीईएन आणि जीएनडी ही टोकं तारेने जोडा, आयडल ८५० आरपीएमच्या आसपास आहे ना बघा, एक नंबरच्या प्लगच्या तारेला टायमिंग लाइट लावा. मग कॅम अँगल सेन्सरचा १२ मिमीचा बोल्ट किंचित सैल करून सेन्सर केसभर फिरवा, लाइटमध्ये खूण सरकलेली पाहा, बोल्ट आवळा, पुन्हा तपासा. तार काढायला विसरू नका. चढावर खडखड ऐकू आली तर दोन अंश मागे या. एअर फिल्टर आणि एक्झॉस्ट बदलून आवाज छान येतो, ताकद नाममात्र वाढते.

टर्बोचा मोह होणारच. मूळ इंजिन चाकांवर २०० अश्वशक्तीपर्यंत नेता येतं, पण इंधनाचं मॅपिंग नीट हवं. १.६ चा झडपेवर चालणारा एअरफ्लो मीटर तिथे अपुरा पडतो, त्यामुळे वेगळा इसीयू (इंजिनाचा संगणक) लागतोच. रॉड वाकतात ते कमी आरपीएमवर अचानक आलेल्या टॉर्कने, म्हणून बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) हळूहळू चढणारा ठेवा. १.६ चं छोटं डिफरन्शियल आधी जातं. १९९४ नंतरच्या १.८ चं मोठं, शक्यतो टॉर्सनचं (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारं), हाफशाफ्ट आणि प्रोपेलर शाफ्टसह आधीच घालून घ्या. इंजिनाला मुळात आडवं बसवायचं होतं, इथे ते उभं बसलं आणि थर्मोस्टॅट पुढेच राहिला. त्यामुळे मागच्या सिलेंडरला कूलंट कमी पोचतं. रस्त्यावरच्या साध्या गाडीला चालतं, टर्बो किंवा ट्रॅकसाठी थर्मोस्टॅट हेडच्या मागे नेण्याचं किट बसवल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि ट्रॅकवर जाणार असाल तर सगळ्याच्या आधी रोल बार: गाडी उलटली तर विंडशील्डची चौकट तुम्हाला वाचवणार नाही.

सहा फुटांपेक्षा उंच माणसाचं डोकं हूडला लागतं. सीटच्या गादीतला फोम खालून कापून इंचभर जागा मिळते, रेल काढायची गरज नाही.

याच किमतीत टोयोटाची तिसऱ्या पिढीची एमआर२ मिळते. हलकी, चपळ, पण सुरुवातीच्या गाड्यांत एक्झॉस्टमधल्या प्री-कॅटचा (इंजिनालगतचा छोटा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) भुगा इंजिनात ओढला जातो आणि सामानाला जागा जवळजवळ नाही. नवीच घ्यायची असेल तर २०१५ पासूनची चौथी पिढी, एनडी, सुमारे हजार किलोच्या घरात आहे. त्यातली दोन लिटर २०१९ मॉडेलपासून १८४ पीएस देते. पण नवी आणि जुनी दोन्ही परवडत असतील आणि हाताने पाना धरायची आवड असेल, तर आमची पसंती १.८ इंजिन, टॉर्सन डिफ आणि कोरड्या सिलची १९९४ नंतरची एनए. अशी सापडली की घासाघीस फार ताणू नका.